देशाटन झालं, सभेचं काय?

आसाममधल्या माजुली बेटावर जाणारी फेरीबोट जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून सुटते. माझ्या प्रवासाचा तो सातवा महिना होता. कमलाबारीजवळ बांबूच्या एका खोलीत उतरले होते आणि रोज सकाळी एका सत्रात जाऊन बसत होते. सत्र म्हणजे आसामचे संत शंकरदेव यांच्या परंपरेतला वैष्णव मठ. काही सत्रं गृहस्थांची, काही ब्रह्मचारी भक्तांची. कर्मकांड बाजूला सारून नामस्मरणावर उभी राहिलेली ही चळवळ. पुढे तिला जमिनी मिळाल्या, अधिकारी आले, कोणाच्या मागून गादीवर कोण बसणार याचे नियम आले. मला राहून राहून आपल्याकडचे वारकऱ्यांचे फड, मठ आणि देवस्थानं आठवत होती. चळवळीची संस्था होताना काय हरवतं आणि काय टिकतं, हा प्रश्न चार दिवस डोक्यात घोळत होता. कोणीतरी समोर बसून म्हणावं, "तुमचं चुकतंय, संस्था झाली नसती तर ही बोरगीतं, शंकरदेवांची ही भक्तिगीतंसुद्धा आज ऐकायला मिळाली नसती," आणि मग दोन तास वाद व्हावा, अशी तहान लागली होती.

संध्याकाळी अंगणात शेकोटीभोवती आम्ही सहा-सात प्रवासी जमलो. कुठून आलात, किती दिवस झाले, पुढे कुठे, उद्याची फेरी किती वाजता, खोलीचे किती पडले. सगळी भली माणसं होती. थंडी वाढली तेव्हा एकीनं तिची शाल माझ्या खांद्यावर टाकली. पण झोपायला गेले तेव्हा लक्षात आलं, की सात महिन्यांत मी शेकडो माणसांशी बोलले होते आणि एकाही माणसाशी एकाच विषयावर सलग अर्धा तास बोलले नव्हते.

मुंबईला परत येऊन आता दीड वर्ष होत आलं. अकरा महिन्यांच्या त्या प्रवासाबद्दल लोक डोंगर विचारतात, जेवण विचारतात, एकटी बाई कशी राहिलीस ते विचारतात. डोक्याची उपासमार झाली का, हे अजून कोणी विचारलेलं नाही. झाली होती. ती माझ्या एकटीची अडचण होती असंही मी मानत नाही. आपल्या सार्वजनिक व्यवस्थेतली ती उणीव आहे. परगावच्या माणसाला झोपायला जागा लागते, पाणी लागतं, स्वच्छतागृह लागतं, हे आपल्याला मान्य आहे. त्याला विचार करायला आणि तो विचार कोणापुढे तरी मांडायलाही जागा लागते, याचा विसर पडला आहे. जागा आपल्याकडे आहेत. गावोगावची सार्वजनिक वाचनालयं. त्यांची दारं परगावच्या माणसाला उघडली पाहिजेत, आणि सुरुवात मुंबईनं केली पाहिजे.

मोरोपंतांच्या नावावर सांगितली जाणारी एक आर्या आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून पाठ आहे:

केल्याने देशाटन, पंडितमैत्री, सभेत संचार,
शास्त्रग्रंथविलोकन, मनुजा चातुर्य येतसे फार.

प्रवासाला निघालेल्या माणसाला निरोप देताना, सहलीच्या जाहिरातीत, शाळेच्या निबंधात तिचे पहिले दोन शब्द उचलले जातात आणि बाकीची आर्या मागे राहते. तिच्याशी जुळणारा एक संस्कृत श्लोक आहे. त्यात चातुर्याची पाच मुळं दिली आहेत: देशाटन, पंडितांशी मैत्री, वारांगना, राजसभेत प्रवेश आणि अनेक शास्त्रांचं अवलोकन. मराठीनं वारांगना गाळली आणि राजसभेची नुसती 'सभा' केली. हा दुसरा बदल मला फार मोलाचा वाटतो. राजसभेत प्रवेश मिळवावा लागतो. सभेत कोणीही संचार करू शकतो. मैत्री, सभा आणि ग्रंथ ही तिन्ही देशाटनाच्या जोडीला सांगितली आहेत. एकट्या देशाटनानं शहाणपण येतं, असं आर्येत कुठेही म्हटलेलं नाही.

प्रवासात खोल बोलणं का होत नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. प्रवासी माणसं उथळ असतात, हे उत्तर मला पटत नाही. दादरला माझ्याशी तासन्‌तास बोलणारी माणसंही प्रवासात भेटली असती तर फेरीची वेळच विचारली असती. पहिली गोष्ट, दीर्घ प्रवासात डोकं सतत सोयी लावण्यात गुंतलेलं असतं. तिकीट, खोली, कपडे कुठे वाळत घालायचे, एटीएम चालू आहे का. पाचव्या महिन्यानंतर माझ्या मनात वाक्यांऐवजी वेळापत्रकं येऊ लागली होती. पुस्तकं वाचत होते, पण वाचलेलं कोणाला सांगितल्याशिवाय ते पक्कं होत नाही. दादरची माझी मैत्रीण रोज व्हॉइस मेसेज पाठवायची. मी तो बसमध्ये ऐकायची आणि रात्री उत्तर द्यायची. तोवर तिचा प्रश्नही शिळा झालेला असे आणि माझं म्हणणंही. बोलण्यात समोरच्याची भुवई दिसावी लागते.

भाषेचा अडसर तर फारच मोठा. माजुलीत संध्याकाळी गावकरी नामघरात जमत. प्रार्थना होई, गावची कामंही तिथेच बोलली जात. म्हणजे सभा होती, रोज भरत होती, आणि मी तिच्या पायरीवर बसून होते. मला असमिया येत नव्हती आणि माझ्या मोडक्या हिंदीत फक्त मोडके विचार बसत होते. परक्या भाषेत माणूस जे मनात आहे ते बोलत नाही, जे बोलता येतं तेच बोलतो. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ती मराठीत नाहीत, तिकडच्या लोकांना आपली वाटेल अशा भाषेत आहेत. परंपरा सांगते की पंजाबात घुमानला ते वीसेक वर्षं राहिले. शंकरदेवांची पहिली तीर्थयात्रा बारा वर्षं चालली. आपण चार दिवसांत गाव उरकतो आणि तिथल्या माणसांनी मन उघडावं अशी अपेक्षा ठेवतो.

पण सगळ्यात खोल कारण मला बुंदेलखंडात कळलं. एका घरी दोन रात्री राहिले होते. जेवताना घरमालक म्हणाले, मुलींना बारावीच्या पुढे शिकवून उपयोग काय. त्यांची मुलगी तेव्हा मला वाढत होती. मी मान हलवली आणि पोळीचा तुकडा तोडला. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. ज्याचं मीठ खाल्लं, त्याला पहिल्याच रात्री कसं खोडणार? खोल बोलण्यात मतभेदाचा हक्क लागतो आणि तो हक्क दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मिळतो, बरोबरीनं बसता येईल अशा जागेवर मिळतो. पाहुणा म्हणून जेवणाऱ्याला तो नसतो, उद्या निघणाऱ्याला नसतो. तिथे आठ दिवस राहिले असते, गावात सगळ्यांनी मिळून बसायची एखादी जागा असती, तर मी बोलले असते. त्या मुलीसाठी तरी बोलायला हवं होतं.

आपल्याकडे या अडचणीवरचं उत्तर फार जुनं आहे आणि ते दर आषाढात आपल्यासमोरून चालत जातं. आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी रोज नव्या गावात मुक्कामाला असतो, पण त्याची दिंडी तीच असते. तोच वीणेकरी, तेच टाळकरी, आणि बरेचदा वर्षानुवर्षं तीच शेजारची माणसं. दिवसभर अभंग, आणि मुक्कामाला कीर्तन. कीर्तनकार एकच अभंग घेतो आणि त्याच्यावर दोन-दोन तास बोलतो. दुसऱ्या दिवशी चालताना लोक त्यावर बोलतात, एखादी आजी म्हणते, "माउली, काल महाराजांनी तो चरण नीट सोडवला नाही." लहानपणी आजोळी सासवडच्या मुक्कामात मी हे कानांनी ऐकलं आहे. जागा रोज बदलते, संगत आणि विषय बदलत नाही. वारीबद्दल आपण भक्ती, समता, शिस्त असं बरंच बोलतो. माझ्यासाठी ती चालणाऱ्या माणसांनी बांधलेली, बुद्धीला रोजचा शिधा देणारी योजनासुद्धा आहे. एकट्या प्रवाशाला दिंडी बरोबर नेता येत नाही. मग सभा गावानं मांडून ठेवली पाहिजे.

अशी मांडलेली सभा मला केरळात मिळाली. कुट्टनाडात एका खेड्यात मी २४ दिवस राहिले. खरं तर पायाला दुखापत झाली म्हणून अडकले. तिथल्या वायनशाळेत, म्हणजे गावच्या वाचनालयात, संध्याकाळी सहाला दिवे लागत. दोन बाकं, एक लांब टेबल, पाच वर्तमानपत्रं, मागे कपाटं. कोणी मला पत्ता विचारला नाही, अनामत मागितली नाही. पहिले दोन दिवस मी इंग्रजी पेपर चाळला. तिसऱ्या दिवशी एक निवृत्त शिक्षक शेजारी येऊन बसले. सगळे त्यांना 'माश', म्हणजे मास्तर, म्हणत, मीही म्हणू लागले. तरुणपणी ते काही वर्षं भिलाईला होते, त्यामुळे हिंदी चांगली. त्यांनी विचारलं, "महाराष्ट्रात सहकाराची चळवळ एवढी मोठी होती. साखर कारखाने शेतकऱ्यांचे होते. मग ते शेतकऱ्यांच्या हातातून गेले कसे?" मी जे उत्तर दिलं ते त्यांना पटलं नाही. चौथ्या दिवशी ते आकडे लिहिलेली वही घेऊन आले. सहाव्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "माश, तुमच्याकडचं सगळंच चांगलं असेल तर तुमची मुलं आखातात का जातात?" दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग बाकावरचा एक रिक्षावाला बोलायला लागला, तो स्वतः सात वर्षं मस्कतला होता. त्या रात्री वायनशाळा उशिरा बंद झाली. माझा पाय बरा झाला होता तरी मी आणखी आठ दिवस राहिले.

हे आपोआप झालेलं नाही. पी. एन. पणिक्कर नावाच्या शिक्षकानं १९२६ साली कुट्टनाडातल्याच नीलंपेरूर गावी वाचनालय काढलं. १९४५ साली ४७ वाचनालयांना एकत्र आणून त्यांनी संघ उभा केला आणि आयुष्यभर गावोगाव फिरून त्याचं जाळं वाढवलं. 'वाचा आणि वाढा' हे त्यांचं घोषवाक्य. गंमत अशी की त्याच १९४५ साली देशातला पहिला ग्रंथालय कायदा झाला तो आपल्या कोल्हापूर संस्थानात. पुढे १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. आज राज्यात अनुदान घेणारी वाचनालयं हजारोंनी आहेत, 'अ'पासून 'ड'पर्यंत त्यांचे वर्ग आहेत. आपण मागे नव्हतो. पैसा कमी पडतो हे खरं, ग्रंथपालांचे पगार लाजिरवाणे आहेत हेही खरं, आणि त्यावर आंदोलनं झाली तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. पण मी जे मागते आहे त्याला फारसा पैसा लागत नाही.

मुंबईत परतल्यावर एका वाचनालयात पाहिलेला प्रसंग सांगते. लातूरकडचा एक मुलगा तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी शहरात आला होता. चौघांत एक खोली, त्यात टेबल नाही. त्याला रोज संध्याकाळी बसून वाचायचं होतं, पुस्तक घरीही न्यायचं नव्हतं. ग्रंथपाल म्हणाले, "स्थानिक पत्त्याचा पुरावा आणि वर्षाची वर्गणी." मी मधे पडले. "काका, तो इथेच बसून वाचणार आहे. आधार कार्ड ठेवून घ्या हवं तर." ते म्हणाले, "ताई, मला कळतंय. पण उद्या कमिटीनं विचारलं तर? नियम आहे." माणूस वाईट नव्हता, त्यांनी त्या मुलाला पाणी दिलं, दुसऱ्या एका ठिकाणाचा पत्ता लिहून दिला. पण तो मुलगा पुन्हा दिसला नाही.

आणि हे मुंबईत व्हावं! या शहरातली वाचनालयं मुळात बाहेरून येणाऱ्यांच्या भुकेतून जन्मली आहेत. धोबीतलावच्या जुन्या वाचनालयाचं नावच 'पीपल्स फ्री रीडिंग रूम'. १८४५ सालचं. काळा घोड्याचं डेव्हिड ससून वाचनालय सुरू झालं ते १८४७ साली, टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण मेकॅनिकांनी एकत्र येऊन. आजची इमारत १८७०ची. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा स्थापली, तिथे निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गावकीच्या खोलीत वळकटी टाकायचा आणि संध्याकाळी चाळीखाली, युनियनच्या कचेरीत, गणपतीच्या मांडवात वक्त्यांना ऐकायचा, त्यांना प्रश्न विचारायचा. शहरात नवीन आलेल्या माणसाला बुद्धीचं घर मिळवून देणं, हे मुंबईला कधीकाळी फार चांगलं जमत होतं.

मला माहीत आहे, यावर काय म्हटलं जाईल. ज्यांना वर्षभर फिरायची चैन परवडते, त्यांच्या बौद्धिक भुकेची काळजी समाजानं का करावी? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण लांबचा प्रवास करणारे सगळे हौशी नसतात. हौशी त्यात थोडेच. फिरतीवरचे विक्रेते आहेत, ट्रकचालक आहेत, सहा-सहा महिने साइटवर राहणारे गवंडी आणि वेल्डर आहेत, परगावी बदली झालेल्या नर्स आहेत. माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. तो म्हणतो, जहाजावर जेवण मिळतं, झोप मिळते, चौथ्या महिन्यापासून बोलणं संपतं. वीस माणसं, त्यांत चार-पाच देशांची, आणि बोलायला ड्युटी आणि पगार. २००६च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराला जोडलेल्या मार्गदर्शक सूचनांत, जहाजावरच्या विरंगुळ्याच्या जागेत निदान पुस्तकांचं कपाट आणि वाचण्या-लिहिण्याची सोय असावी, असं लिहिलं आहे. भारतानं हा करार २०१५ साली स्वीकारला. भर समुद्रातल्या खलाशाचं डोकं उपाशी राहू नये एवढा विचार जगानं केला, आणि कुर्ला टर्मिनसवर उतरलेल्या माणसासाठी आपण तो करत नाही.

दुसरा आक्षेप वाचनालयांच्या आतूनच येतो. वाचनालयात बोलायचं कसं? भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं आहे. शिवाय मुंबईतल्या बऱ्याच वाचनालयांचं मोठं दालन आता अभ्यासिका झालं आहे. दहा बाय दहाच्या घरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होत नाही, म्हणून ती मुलं तिथे येतात. त्यांच्या खुर्चीला हात लावायची माझी मुळीच इच्छा नाही. पण बहुतेक वाचनालयांना व्हरांडा आहे, गच्ची आहे, व्याख्यानासाठी छोटं सभागृह आहे आणि ते आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असतं. व्याख्यानांचीही आपल्याला उणीव नाही. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासूनची आपली परंपरा आहे. तिच्यात आता एक खोट आली आहे. वक्ता दीड तास बोलतो, शेवटी दोन चिठ्ठ्या वाचल्या जातात, आभार मानले जातात आणि श्रोते शेवटच्या लोकलच्या हिशेबानं उठतात. ऐकणं होतं, संचार होत नाही. ठाण्यातल्या आचार्य अत्रे कट्ट्यासारखे कट्टे मला म्हणून जवळचे वाटतात. तिथे वक्ता आणि श्रोता यांच्यात निदान स्टेजची उंची नसते.

तेव्हा मागणं असं. प्रत्येक अनुदानित वाचनालयानं प्रवासी सभासदत्व सुरू करावं: ओळखपत्र दाखवायचं, आठ दिवसांचे नाममात्र पैसे भरायचे, आत बसून वाचायचं. पुस्तक घरी न्यायचं नसेल तर अनामत कशाला? आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, व्हरांड्यात बैठक. वक्ता नाही, हार नाही, एक विषय आणि कोणीही. मुक्तद्वार वाचनाचा विभाग आपल्याकडे आधीपासून आहे, वर्तमानपत्रं तिथे कोणीही वाचू शकतं. त्याच दाराला लागून ही बैठक बसेल. वाचनालयाचा वर्ग ठरवताना पुस्तकांची आणि सभासदांची संख्या पाहिली जाते. परगावचे किती लोक येऊन बसले, हेही शासनानं त्यात धरावं. म्हणजे कमिटी ग्रंथपालाला उलटा प्रश्न विचारेल. भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव उभं राहिलं, तिथे लोक आपल्या घरात परक्यांना वाचायला बसवतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पर्यटकासाठी जे शासनाला सुचलं, ते मुंबईच्या पाहुण्यासाठी सुचायला हरकत नाही. फरक एवढाच ठेवावा, की भिलारला पुस्तकं दिली, इथे माणसंही द्यावीत.

भाषेचा प्रश्न उरतोच. त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. मराठी बैठकीत हिंदी बोलणारा माणूस आला तर काय करायचं, यावर आमच्या पार्ल्यातच चारजणांची चार मतं आहेत. मला वाटतं बैठक मराठीतच चालावी आणि शेजारी बसलेल्यानं पाहुण्याला हळू आवाजात सांगत जावं. कुट्टनाडात तो रिक्षावाला मल्याळममध्येच बोलत होता आणि माश माझ्या कानाशी हिंदी करत होते. मला त्यात उपरं वाटलं नाही. उलट, त्या गावात जे खरं बोलणं चालतं ते माझ्यासाठी बदललं गेलं नाही, याचा आनंद वाटला.

माशांचा परवा फोन आला. पुढच्या महिन्यात ते मुंबईत येत आहेत, बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, पंधरा दिवस. बहीण सांताक्रूझला राहते, माशांचा दिवस दवाखान्यात जाईल. "संध्याकाळी सहा ते आठ मी मोकळा," ते म्हणाले. "तुझ्या गावची वायनशाळा कुठे आहे ते सांगून ठेव. रोज तीच जागा हवी हं, पंधरा दिवस. कारखान्यांचं आपलं बोलणं अर्धं राहिलंय." मी हो म्हटलं. त्यानंतर तीन वाचनालयांत जाऊन आले. एका ठिकाणी पत्त्याचा पुरावा मागितला, एका ठिकाणी बोलायला मनाई आहे म्हणाले, एका ठिकाणी सचिवांना भेटा म्हणाले. त्यांना सोमवारी भेटायचं आहे. ते नाहीच म्हणाले तर एशियाटिकच्या पायऱ्या आहेत, पण पुढच्या महिन्यात पाऊस असेल आणि माश ७४ वर्षांचे आहेत.